येडशीचा वाघ ‘झूमधून सोडलेला’ आहे म्हणे! (आणि कैलास सांखला)

बालाघाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, येरमाळ्याच्या अलीकडं, डोंगराला लागून. २०२४ च्या डिसेंबरात येडशी-रामलिंगच्या अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ सापडला तेव्हापासून पारावर दुसरा विषय नाही. बिबट्या नव्हे, ढाण्या. वनखात्यानं अंगावरचे पट्टे जुळवून सांगितलं की हा यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला. म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला. पकडायला ताडोब्याहून टीम आली, दिवसेंदिवस फिरली, वाघानं काही दाद दिली नाही.

पण आमच्याकडं हे कुणाला पटतच नाही. आमचे थोरले आबा (वय ८४, दात सगळे शाबूत) म्हणतात, “एवढ्या लांबून चालत यायला त्यो काय पंढरीला निघाला व्हता व्हय? झूमधला आणून सोडलाय सरकारनं. खायला घालायला परवडंना म्हणून.” आणि पार मान डोलावतो.

मी आबांना पटवायचं म्हणून वाचायला घेतलं आणि स्वतःच चक्रावलो. १९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्याचे पहिले संचालक कैलास सांखला. आणि हा माणूस त्याच्या आधी कुठं होता, तर दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक!

तर विचारायचं असं, की पिंजऱ्यातल्या वाघांची राखण करणाऱ्या माणसाकडं रानातले वाघ वाचवायचं काम दिलं कसं? झूचा आणि जंगलाचा काही संबंध असतो का, की तेव्हा दुसरं कुणी मिळालं नाही? आणि त्या माणसानं जे केलं त्याचं फळ आज आमच्या तुरीत हिंडतंय, तर आम्ही त्याला हात जोडायचे की शिव्या घालायच्या, तेही सांगा.

तूरडाळ

हुरडा आणि चटणी घेऊन बसलोय. येऊ द्या.

बाभूळबन

धागा आवडला. आबांना दंडवत.

पण धागाकर्त्यानं एक गोष्ट उलटी धरलीय. सांखला हे झूवाले नंतर, आधी रानवाले. जोधपूरचा माणूस, जन्म १९२५ चा. पन्नाशीच्या दशकात राजस्थानच्या वनखात्यात लागले. सरिस्का, भरतपूर, रणथंभोर ही रानं नोकरीतच पायाखाली घातलेली. सुरुवातीच्या काळात त्यांनी स्वतःही एक वाघ मारला होता. तेव्हा त्यात गुन्हा नव्हता, साहेबलोकांत ती मर्दुमकी होती. पण त्या वाघानं त्यांचा पिच्छा आयुष्यभर सोडला नाही. पुढं जे काही झालं त्याचं मूळ मला तिथं दिसतं.

साठच्या दशकात ते दिल्लीच्या झूवर आले. १९५९ ला उघडलेलं, पुराना किल्ल्याच्या तटाला लागून असलेलं झू. आता झूत बसून रानातल्या वाघाचं काय कळणार, असं आपल्याला वाटतं. पण दिल्लीत बसल्यामुळंच त्यांना बाजार दिसला. राजधानीतल्या दुकानांत वाघाची, बिबट्याची कातडी उघड विकायला टांगलेली असायची. परदेशी पाहुणे घेऊन जायचे. सांखलांनी दुकानं हिंडून माहिती काढली आणि ती पेपरात आली. रेंजरला एक मेलेला वाघ दिसतो. ह्यांना दुकानात ढीग दिसला.

१९६९ मध्ये दिल्लीत आययूसीएनची, म्हणजे निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेची मोठी सभा भरली. तिथं वाघाचा प्रश्न ऐरणीवर आला. त्या वेळी आपल्याकडं परदेशी शिकाऱ्यांना वाघ मारून देणाऱ्या रीतसर कंपन्या होत्या, डॉलर येत होते, त्यांनी भरपूर ओरड केली. तरी १९७० मध्ये शिकारीवर बंदी आली. १९७२ ची गणती झाली तेव्हा आकडा निघाला १८२७. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आणि १ एप्रिल १९७३ ला कॉर्बेटमध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला.

तेव्हा ‘दुसरं कुणी मिळालं नाही’ असं नाही. रान, बाजार आणि दिल्लीचं दरबारी वारं ह्या तिन्हींची माहिती असलेला हाच एक होता, असं माझं मत.

हुरडापार्टी

१ एप्रिल. म्हणजे शिकारी कंपन्यांना शेवटपर्यंत वाटलं असेल, चेष्टा करायलेत म्हणून.

सागवान_किनवट

बाभूळबन सरांनी चांगलं लिहिलंय. मी वनरक्षक म्हणून निवृत्त झालो, थोडं खालच्या बाजूचं सांगतो.

व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तो नऊ ठिकाणी. बांदीपूर, कॉर्बेट, कान्हा, मानस, पलामू, रणथंभोर, सिमलीपाल, सुंदरबन आणि आपल्या राज्यातलं एकच, मेळघाट. मराठवाड्याचं नाव कुठंच नाही आणि ते बरोबरच होतं. आमच्या किनवट-माहूरकडं साग आहे, पैनगंगेकाठी रान आहे, बाकी मराठवाडा म्हणजे माळ.

त्या योजनेतली सांखलांची म्हणून जी गोष्ट सांगतात ती ही, की मधल्या रानात हात लावायचा नाही. गुरं नाहीत, तोड नाही, डिंक-मोह नाही, काहीच नाही. तोवर खातं म्हणजे लाकडाचं दुकान होतं. जंगल किती, तर किती घनमीटर निघतं तेवढं. ज्या खात्याला झाड तोडायची सवय, त्याच खात्याला सांगायचं की पडलेलं झाडसुद्धा उचलू नका, कुजू द्या. आमचे जुने राउंडसाहेब सांगायचे, सुरुवातीला लोकांना वाटायचं ह्यांचं डोकं फिरलंय. वाघ वाचवा म्हणतात आणि वाघासाठी करत तर काहीच नाहीत!

पण तीच तर गंमत. गवत वाढलं की चितळ वाढतं, चितळ वाढलं की वाघ आपोआप येतो. वाघाला वेगळं खाऊ घालावं लागत नाही.

धागाकर्ते, तुमच्या आबांना सांगा, झूमधला वाघ रानात सोडला तर पहिल्या आठवड्यात उपाशी मरेल, नाहीतर सरळ तुमच्या पाराजवळ येऊन बसेल. माणूस दिसला की त्याला डबा आला असं वाटतं. येडशीचा वाघ इतक्या लोकांना महिनोन्‌महिने चकवतोय, तो पिंजऱ्यात वाढलेला असू शकत नाही.

बालाघाटी

सागवान काका, हे आबांना सांगितलं. म्हणाले, “तो गार्ड आपल्या खात्याचीच बाजू घेणार.” :)

औरंगपुऱ्याची_ताई

मी संभाजीनगरची. आमचं लहानपण सिद्धार्थ उद्यानात गेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाची पोरं आली की एक दिवस बिबी-का-मकबरा, एक दिवस सिद्धार्थ गार्डन, ठरलेलं. पिवळा वाघ, पांढरा वाघ दोन्ही तिथं. आता मिटमिट्याला सफारी पार्कचं काम काढलंय, प्राणी तिकडं मोकळ्यावर जाणार म्हणतात.

लोक झूला नावं ठेवतात, पण मला जनावरांची माया तिथंच लागली हो. डिस्कव्हरी चॅनल आमच्याकडं नव्हता. माझ्या भाचीनं पांढरा वाघ बघून विचारलं, “मावशी, हा म्हातारा झालाय का?” तेव्हापासून ती वाघवेडी आहे, आता प्राणिशास्त्र शिकतेय.

सांखलांच्या दिल्लीच्या झूमध्येपण पांढरे वाघ होते ना? पांढऱ्या वाघासाठी त्यांनी काही केलं का? ती जात तर अजूनच दुर्मिळ.

जालना_एक्स्प्रेस

ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण मी उलट्या पार्टीतला. शाळेच्या सहलीत एका शहरात (नाव घेत नाही) झू बघितला होता. अस्वल. सिमेंटचा चौथरा, आणि ते अस्वल नुसतं चार पावलं इकडं, मान हलव, चार पावलं तिकडं. तासभर तेच. सगळी पोरं म्हणाली, नाचतंय, नाचतंय. मीपण टाळ्या वाजवल्या. वीस वर्षांनी कुठंतरी वाचलं की कोंडलेलं जनावर खुळावलं की तसं करतं. ती टाळी अजून कानात वाजते.

झूमुळं प्रेम लागतं म्हणे. मला लाज लागली.

औरंगपुऱ्याची_ताई

लाज वाटली म्हणजे जनावराबद्दल काहीतरी वाटलंच की.

तूरडाळ

ताई १, जालना ०.

देवणी_वळू

पशुवैद्य आहे, उदगीरला शिकलो. ताईंच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण हा गैरसमज फार पसरलाय.

पांढरा वाघ ही जात नाहीच. आपला नेहमीचाच वाघ, फक्त रंगाचा एक दबलेला गुण आई आणि बाप दोघांकडून आला की पिल्लू पांढरं निपजतं. रानात हे क्वचित घडायचं. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी एक पांढरा बछडा पकडला, नाव ठेवलं मोहन. त्याला साधी पिवळी वाघीण दिली, पिल्लं सगळी पिवळी. मग काय केलं, तर त्याच पिल्लांतली त्याची स्वतःची मुलगी राधा त्याला लावली. १९५८ मध्ये पांढरी पिल्लं झाली, त्यातली राजा आणि राणी ही जोडी पुढं दिल्लीच्या झूला आली. राजा-राणी म्हणजे सख्खी भावंडं, हे लक्षात घ्या. आज आपल्याकडच्या झूंमध्ये दिसणाऱ्या बऱ्याच पांढऱ्या वाघांची वंशावळ मागं नेत गेलं की मोहनपाशी येऊन थांबते.

आता मला सांगा, आपल्याकडं देवणीचा किंवा लाल कंधारीचा वळू कुणी त्याच्याच कालवडीवर सोडतो का? अडाण्यातला अडाणी गोपाळ तीन-चार वर्षांत वळू बदलतो. जे आपल्या आज्याला कळत होतं ते रंगाच्या हौसेपायी मोठमोठ्या झूंनी सोडून दिलं. म्हणून पांढऱ्या वाघांत तिरळे डोळे, वाकडे पाय, अशक्त पिल्लं जास्त. तो वाढवून रानातला एकही वाघ वाढत नाही. पांढरा वाघ तिकिटं खपवतो, एवढंच.

सांखलांच्या काळात दिल्लीत ह्या वाघांची पैदास चालू होती, हे त्यांच्या खात्यावर लिहावं लागेल. पण नंतर त्यांनी जे हाती घेतलं ते ह्याच्या बरोबर उलटं होतं. वाघ वाढवायचा नाही, वाघाची जागा राखायची. माझ्या मते झूत बसूनच त्यांना कळलं असणार की झूत काय होत नाही.

औरंगपुऱ्याची_ताई

डॉक्टर, हे माहीत नव्हतं. भाचीला पाठवलं. ती म्हणाली, “मावशी, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय.” सांगायचं ना मग कार्टे!

खडकपाखरू

झूवर एकतर्फी झोड उठायच्या आत दुसऱ्या एका झूवाल्याचं नाव टाकतो. जेराल्ड ड्यूरेल. हापण १९२५ चाच, आणि जन्म कुठला, तर जमशेदपूरचा! १९५९ मध्ये त्यानं जर्सी बेटावर झू काढला. (दिल्लीचा झूपण १९५९ चा. योगायोग बघा.) त्याचं म्हणणं, झू हे तमाशाचं ठिकाण नाही, बुडत्याला काढायची नाव आहे. संस्थेचं चिन्हसुद्धा डोडो ठेवलं, कायमचा संपलेला पक्षी.

मॉरिशस बेटावर एक छोटा ससाणा होता. १९७४ मध्ये रानात त्याचे चारच पक्षी माहीत होते. चार! ड्यूरेलच्या संस्थेच्या मदतीनं तिथं जे काम उभं राहिलं त्यातली मुख्य युक्ती अशी, की घरट्यातली पहिली अंडी हळूच काढून घ्यायची आणि उबवणी यंत्रात उबवायची. मादीला वाटतं अंडी गेली, ती पुन्हा घालते. एका हंगामात दुप्पट पिल्लं. आपल्या घरच्या कोंबडीखालची अंडी उचलून आजी हेच करायची, पण तिला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही. पुढं तो ससाणा शेकड्यांत गेला.

आसाममधलं पिटुकलं रानडुक्करही तसंच. फूटभरही उंच नाही. गुवाहाटीजवळ पैदास करून २००८ पासून परत गवताळ रानात सोडतायत.

म्हणजे झू वाईट की चांगला हा प्रश्नच चुकलाय. जनावर बाहेर चारच उरलं असेल तर पिंजरा लागतो. बाहेर अठराशे असतील तर पिंजरा नको, रान लागतं. सांखलांनी वाघासाठी दुसरा रस्ता धरला, तो वाघापुरता बरोबर होता.

हुरडापार्टी

आजीला मरणोत्तर पुरस्कार जाहीर करा.

शहरी_चाफा

सुंदर चर्चा. मी पुण्याची, दरवर्षी ताडोब्याला जाते. मराठवाड्याचं भाग्य की वाघ आपणहून आला! आता गावकऱ्यांनी भीती सोडून सहजीवन शिकायला हवं. वाघ उगाच कुणाला काही करत नाही.

रात्रपाळी_परळी

चाफाताई, तुम्ही वाघ बघता तो जिप्सीतून, शेजारी गाईड, डोक्यावर टोपी. आम्ही तुरीत पाण्याच्या पाटात अनवाणी उभे असतो, रात्री दीड वाजता, एका हातात फावडं, तोंडात बॅटरी. कारण शेतीची लाईट एक आठवडा दिवसाची असते, एक आठवडा रात्रीची. सहजीवन तर करतोच आम्ही, सापाशी, विंचवाशी, रानडुकराशी. आता वाघाशी पण करू. पण लाईट तेवढी दिवसाची द्या म्हणावं.

२०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा आमच्याकडची ऊसतोडीची कुटुंबं कोपीत झोपत होती. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, दार नसतं तिला. शेवटी तो करमाळ्याकडं मारला गेला. तोवर त्या महिन्यात कोण कसं झोपलं ते विचारू नका.

शहरी_चाफा

मला दुखवायचं नव्हतं. कोपीबद्दल माहीत नव्हतं. माफ करा.

रात्रपाळी_परळी

माफी कसली ताई. पुढच्या वेळी ताडोब्याऐवजी इकडं या, पाणी धरायला.

ज्वारीचं_कणीस

आमच्या मेहुण्याची कालवड गेली गेल्या साली. बिबट्या की लांडगा माहीत नाही. नियम असा, की ४८ तासांच्या आत कळवायचं, जनावर हलवायचं नाही, पंचनामा होतो, भरपाई मिळते. कळवलं. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पाठवलं. तिसऱ्या दिवशी माणूस आला आणि म्हणाला, उशीर झाला. कुणाला? असो. नाव घेण्यात अर्थ नाही, त्याच कचेरीत परत जायचंय.

ज्यांच्याकडं वाघ येतोय त्यांनी एवढं लक्षात ठेवा, जनावराला हात न लावता आधी मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढायचे आणि अर्जाची पोच सही-शिक्क्यासकट घ्यायची.

सागवान_किनवट

कणीसभाऊ, खात्यात होतो म्हणून खाली मान घालून वाचलं. पोच घेण्याचं बरोबर सांगितलंत.

नाथसागर

इतका वेळ गप्प होतो. ‘मधल्या रानात हात लावायचा नाही’ हे वाचून राहवेना.

हात लावायचा नाही म्हणजे आत जी माणसं राहत होती त्यांना उठवायचं. रणथंभोरमधून १९७६ ते ७९ मध्ये बारा गावं उठवली. कान्हातून बैगा आदिवासींना काढलं. वाघाच्या गोष्टीत हे एका ओळीत येतं, “गावांचं पुनर्वसन करण्यात आलं.” आमच्याही गोष्टीत तीच ओळ आहे. आमचं गाव जायकवाडीत गेलं. १९६५ ला शास्त्रीजींनी पायाभरणी केली, १९७६ ला इंदिराबाईंनी उद्घाटन. तोच काळ बघा. तिकडं वाघाला रान मिळालं, इकडं मराठवाड्याला पाणी मिळालं, दोन्हीकडं उठणारे वेगळे आणि मिळवणारे वेगळे. माझे वडील शेवटपर्यंत ‘गावाकडं’ म्हणताना हात पाण्याकडं करायचे.

आणि तरी सांगतो. १९८६ मध्ये त्या पाण्याला पक्षी अभयारण्य केलं. हिवाळ्यात रोहित येतात. वडिलांना नेलं होतं एकदा पैठणच्या बाजूला, थव्यानं उतरलेले बघायला. बराच वेळ बघून म्हणाले, “आपल्या खळ्यावर बसलेत.” रागानं म्हणाले की कौतुकानं, मला आजपर्यंत कळलं नाही.

सांखलांना शिव्या घालाव्यात असं मी म्हणत नाही. वाघाला जागा लागतेच. फक्त ती कुणाची होती ते धाग्यात लिहिलेलं असू द्या.

बाभूळबन

नाथसागर, माझ्या लांबलचक प्रतिसादात ही बाजू यायला हवी होती. ती एक ओळसुद्धा मी लिहिली नाही.

जालना_एक्स्प्रेस

मला वाटतं सांखलांचं एवढं कौतुक करायच्या आधी निकाल बघा. इतका मोठा प्रकल्प, आणि त्यांच्याच सरिस्कात २००५ पर्यंत एकही वाघ शिल्लक राहिला नाही. सगळे शिकाऱ्यांनी नेले, आणि कागदावर मात्र वाघ फिरतच होते.

सागवान_किनवट

ते कागदावरचे वाघ आमच्यासारख्यांनीच मोजलेले. पद्धत सांगतो. उन्हाळ्यात पाणवठ्यावर, नाल्याच्या मऊ मातीत ठसा हुडकायचा. वर काच धरायची, काचेवर पेनानं ठसा गिरवायचा, मग तो कागदावर उतरवायचा. किंवा प्लास्टर ओतून साचा काढायचा. मागचा डावा पंजा बघायचा. साहेब ते सगळे कागद टेबलावर मांडून ठरवणार की हा एक वाघ, हा दुसरा. माती ओली असली की ठसा पसरतो, एकाच वाघाचे दोन होतात. आणि गेल्या वर्षीपेक्षा आकडा कमी आला तर साहेबाला वर काय सांगायचं? मग आकडा कमी येतच नसे.

सरिस्कानंतर हे सगळं बदललं. कॅमेरे आले, पट्ट्यांवरून ओळख आली. नव्या पद्धतीनं २००६ ची गणती झाली तेव्हा देशात १४११ निघाले. सगळे हादरले. २०२२ चा अंदाज ३६८२. आपल्या राज्यात ४४४.

पण भाऊ, सरिस्काचं खापर सांखलांवर नको. ते १९९४ मध्येच गेले. उलट त्याआधी १९८९ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी टायगर ट्रस्ट काढला, कारण सरकारी खातं सुस्तावतंय हे त्यांना दिसत होतं. १९९२ ला पद्मश्री मिळाली.

तूरडाळ

अवांतर: ओडिशातल्या सिमलीपालच्या पहिल्या संचालकांनी, सरोजराज चौधरींनी, घरात खैरी नावाची वाघीण पाळली होती ना? लहानपणी कुठल्याशा मासिकात फोटो बघितला होता. मी आईकडं हट्ट धरलेला, मला पण पाहिजे. आईनं शेळी आणली.

सागवान_किनवट

हो, तीच. १९७४ मध्ये आदिवासींनी आणून दिलेलं पिल्लू. आणि ठशांवरून गणतीची पद्धतपण त्याच चौधरी साहेबांची. नावं ठेवायची तर त्यांच्या पद्धतीला ठेवू, पण रात्री घरात वाघीण घेऊन झोपणाऱ्या माणसाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

हुरडापार्टी

शेळीचं काय झालं?

तूरडाळ

बोकड निघाला. पुढचं विचारू नका.

संपादक

मंडळी, धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नका, विषयावर या. शेळीसाठी पाककृती विभाग आहे.

खडकपाखरू

मूळ मुद्द्यावर येतो. येडशीचा वाघ हा काही एकटा नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरचाच एक नर गळ्यात रेडिओचा पट्टा घालून निघाला, त्याला सगळे ‘वॉकर’ म्हणत. हिंगोलीच्या शिवारातून वाट काढत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पहिल्या पाच महिन्यांतच तेराशेच्या वर किलोमीटर. गळ्यात पट्टा होता म्हणून कळलं, नाहीतर त्यालापण ‘सोडलेला’च म्हटलं असतं. २०२१ मध्ये आमच्या गौताळा अभयारण्यात एक आला, तोही टिपेश्वरचा.

कारण साधं आहे. टिपेश्वर दीडशे चौरस किलोमीटरच्या आतबाहेर. वाघिणी पिल्लं वाढवतायत, पिल्लं मोठी झाली की बाप त्यांना उभं राहू देत नाही. तरण्या नराला निघावंच लागतं. नाल्यानं, उसातून, तुरीतून, रात्रीचं चालायचं. आणि तो पोचतो कुठं, तर येडशीसारख्या बावीस-तेवीस चौरस किलोमीटरच्या पट्टीत, जिथं वाघीण नाही. दोन दिवसांची सोयरीक बघायला आल्यासारखा येतो आणि पोरगीच नाही!

सांखलांच्या पिढीनं वाघाला बेटं करून दिली. बेटं भरली. मधली वाट कुणी आखलीच नव्हती, ती आता वाघच आखतोय, आपल्या शिवारातून. धागाकर्ते, तुमच्या ‘हात जोडायचे की शिव्या’ ह्याचं उत्तर मला इथं अडतं. त्यांचं काम फसलं असतं तर तुमच्या तुरीत वाघ आला नसता. ते यशस्वी झालं म्हणून तुम्ही रात्री भीत भीत पाणी धरताय.

धनगरवाडा

सगळं वाघाचं चाललंय. आमच्या माळावर लांडगा आहे, खोकड आहे, काळवीट आहे. चार पिढ्या मेंढरं राखतोय, लांडगा वर्षाला दोन-चार कोकरं नेतोच. आम्ही कुत्री ठेवतो, वाघूर लावतो, शिव्या देतो. मारत नाही. आज्जा म्हणायचा, त्याचा वाटा हाय. त्याच्यावर ना प्रकल्प, ना पद्मश्री. आणि माळ म्हणजे ‘पडीक’ असं सातबाऱ्यावर लिहिलेलं, मग तिथं सोलरचं कुंपण पडतंय. वाघाला निदान रान म्हणून जागा लिहून दिली.

एखाद्या झूच्या साहेबाला लांडग्याचं वेड लागलं तर आमच्याकडं पाठवा. जेवायला घालू.

नाथसागर

ह्या प्रतिसादाला उभं राहून नमस्कार.

बालाघाटी (धागाकर्ता)

मंडळी, उशीर झाला, सोयाबीनच्या गोणी मोंढ्यावर घालायच्या होत्या. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. नाथसागर आणि धनगरवाडा ह्यांचे छापून ठेवणार आहे.

काल संध्याकाळी पारावर बसून आबांना सगळं सांगितलं. सांखलांनी मारलेला वाघ, दिल्लीची कातड्याची दुकानं, नऊ रानं, ठसे, काच, टिपेश्वर, वॉकर, सगळं. अर्धा तास बोललो. हुरडा थंड झाला. आबांनी एकदाही मधे तोडलं नाही, हे विशेष. सरिस्काचं ऐकून “अरारा” म्हणाले. रणथंभोरची बारा गावं उठवली म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “देवळं पण उठवली का?” मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

मग म्हटलं, आबा, आता पटलं का, हा वाघ टिपेश्वरचा, आपल्या पायानं आलेला. तिथं रान राखलं म्हणून पिल्लं जगली, पिल्लं जगली म्हणून हा निघाला. आणि हे राखायचं ज्या माणसानं देशभर सुरू केलं तो दिल्लीच्या झूचा साहेब होता.

आबांनी तंबाखू मळली, दाढेखाली धरली, आणि सगळ्या पाराकडं बघून म्हणाले,

“मंजे झूवाल्यानंच सोडला म्हण की!”

तूरडाळ

आबा १, बाकी सगळे ०.

सागवान_किनवट

:) मी हात टेकले.

रात्रपाळी_परळी

आबांचा नंबर द्या, ऊर्जाखात्यात चिकटवू.

बालाघाटी (धागाकर्ता)

लाईट आली. ह्या आठवड्यात रात्रीची आहे. पाणी धरायला निघालो. काठी आणि बॅटरी घेतलीय, आणि आबापण येतो म्हणतायत सोबत. वाघाला बघून विचारायचंय म्हणे, कुठून आलास ते.